सुमो नेमकी कोणी संपवली? (आणि आमच्या अंगणातल्या सुमोचं काय करू?)

मानेवाडा_एक्सप्रेस
मंडळी, आमच्या अंगणात कडुलिंबाखाली १९९७ ची टाटा सुमो उभी आहे. एमएच ३१, म्हणजे नागपूरची. पांढरी होती, आता कावळ्यांच्या कृपेने ठिपक्याठिपक्यांची झाली आहे. बाबा आणि काका दोघांनी अर्धे-अर्धे पैसे घालून घेतली. तेव्हा घरात अकरा माणसं एका चुलीवर जेवत होती. पुढे घराची वाटणी झाली, शेताची झाली, आजीच्या पितळी घंगाळांचीसुद्धा झाली. सुमोची तेवढी राहिली. आरसी बाबांच्या नावावर, पासिंग २०२२ ला संपलं. परवा भंगारवाला आला, टायरला लाथ मारून पाहिली आणि भाव सांगून गेला. चुलतभाऊ म्हणतो, देऊन टाक आणि अर्धे मला दे.

तर एक प्रश्न गाडीचं काय करू हा. दुसरा रात्री झोप लागत नाही तेव्हाचा. लग्नापासून मयतीपर्यंत जिच्याशिवाय पान हलत नव्हतं, ती गाडी इतकी गुपचूप कशी बंद झाली? माझं मत, टोयोटाच्या क्वालिसने मारली. चुकत असेन तर सांगा.

तर्री_जास्त
भाऊ, कावळ्याचे ठिपके धुऊ नका. त्याच्यावरच पत्रा टिकून राह्यला असंन.

सीताबर्डीकर
क्वालिसच. २००० साली आली आणि आमच्या ऑफिसात साहेब लोकांच्या भाड्याच्या गाड्या वर्षभरात बदलल्या. सुमोत बसून साइटवर गेलं की उतरताना कंबर धरावी लागे. क्वालिसमध्ये साहेब घोरायचे. साहेब घोरला की ड्रायव्हर खूश, ड्रायव्हर खूश की ट्रॅव्हल्सवाला खूश. विषय संपला.

आकडेमोड
विषय संपला नाही. क्वालिस २००५ मध्ये स्वतःच बंद झाली, इनोव्हाला जागा करून द्यायला. सुमो २०१९ मध्ये गेली. म्हणजे मारेकरी चौदा वर्षं आधीच मेला होता. कुठल्या कोर्टात टिकेल हे?

सीताबर्डीकर
विषप्रयोग होता. हळूहळू भिनला.

कमानपट्टा
वडिलांचं नागपूरजवळच्या वाडीला ट्रक लाइनमध्ये गॅरेज होतं आणि दहावीपर्यंत सगळ्या सुट्ट्या मी तिथेच हात काळे करण्यात घालवल्या. तेव्हा वंशावळ माझ्याकडून घ्या.

सुमो आभाळातून पडली नाही. टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, मुळात ट्रकवाली कंपनी. १९८६ ला ४०७ हा छोटा ट्रक आला, १९८८ ला २०७ पिकअप. त्या पिकअपच्या सांगाड्यावर १९९१ ला सिएरा बसवली, १९९२ ला इस्टेट. सिएराला दारं तीनच. मागच्या माणसाला पुढची सीट वाकवून आत घुसावं लागे. दिसायला देखणी, पण एखाद्या आजीला नऊवारीत मागे बसवून दाखवा! १९९४ ला त्याच घराण्यात सुमो आली आणि तिने देखणेपणाचा नादच सोडला. सरळ पेटी. उभ्या काचा, सपाट टप, मागच्या दारावर स्टेपनी, आत दहा माणसं. १९९७ पर्यंत लाखावर सुमो विकल्या गेल्या होत्या. धागाकर्त्याची गाडी त्याच लाटेतली.

इंजिन १९४८ सीसी डिझेल, टर्बो नाही. जुन्या पद्धतीचं इनडायरेक्ट इंजेक्शन, त्यामुळे थंडीत चावी अर्धी फिरवून हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबावं लागायचं. डिसेंबरात सकाळी सहाला लोकांना तेवढाही धीर नसे. दिवा विझायच्या आत स्टार्टर मारायचे, मारतच राहायचे, बॅटरी दमवायचे आणि गाडी ढकलत आमच्या दारात. वडील बॉनेट उघडायचेच नाहीत. मालकाला सीटवर बसवून म्हणायचे, "चावी फिरव. आता दहापर्यंत मोज." मोजून झालं की गाडी चालू. पैसे घ्यायचे नाहीत, चहा मात्र त्यालाच आणायला लावायचे.

मागे कमानपट्टे, म्हणजे लीफ स्प्रिंग, ट्रकसारखे. सीताबर्डीकरांची कंबर त्यांनी मोडली. पण गाडीत दहा माणसं आणि टपावर सामान असलं की तेच पट्टे दबून मऊ होतात. सुमो रिकामी चालवणाऱ्याने सुमोला नावं ठेवू नयेत.

धरमपेठकरीण
कमानपट्टा, पट्ट्यांची वकिली पुरे. त्या दहातल्या शेवटच्या चार जागांवर तुम्ही कधी बसलात का? समोरासमोर दोन आडव्या सीटा, मध्ये दोन्हीकडच्यांचे गुडघे. गाडी पुढे जाते आणि आपण एका कुशीवर जातो. सिल्लेवानी घाटात आमच्या घरच्या निम्म्या पोरांनी त्या सीटांवर आपापलं उष्टं परत केलं आहे.

आणि तिथे कोण बसायचं? पुढे ड्रायव्हर, बाबा, मोठे काका. मधे आजी, आत्या, जावई. मागे पोरं आणि सुना. साडी सावरत, डबे मांडीवर घेऊन, वाकून, स्टेपनीच्या दारातून चढायचं. घरात कोणाची किती पत आहे हे सुमोचं दार उघडलं की कळायचं. माझं लग्न झालं त्या वर्षी मी मागे होते. मधल्या सीटवर यायला मला सहा वर्षं आणि एक जाऊ लागली.

रात्रीच्या प्रवासात मात्र मजा असे. दोन सीटांच्या मधल्या खोबणीत गाद्या, चादरी कोंबायच्या आणि वर पोरांना आडवं टाकून द्यायचं. चार पोरं, आठ पाय. कोणाचा कोणता हे छिंदवाडा येईपर्यंत कळत नसे.

तर्री_जास्त
"सहा वर्षं आणि एक जाऊ" 😂😂 वहिनी, नमस्कार घ्या.

कोथरूडचा_काका
नाव कुठून आलं यावर अजून कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. जपानी पैलवानांचा काही संबंध नाही. सुमंत मुळगावकर यांच्या नावातला 'सु' आणि 'मु'चा 'मो'. टेल्को उभी करणारा माणूस. १९५४ मध्ये जर्मनांच्या सहकार्याने ट्रक सुरू झाले तेव्हापासून आमच्या पुण्याचा कारखाना उभा राहीपर्यंत सगळं त्यांच्या हाताखालून गेलं. १९८९ मध्ये ते वारले, त्यानंतर पाच वर्षांनी ही गाडी आली. मी भोसरीला सुटे भाग करणाऱ्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये होतो, कारखान्यात जाणं-येणं असे. आत तळं आहे, झाडी आहे, पक्षी येतात. यंत्रांच्या जोडीने झाडांचा विचार करणारा साहेब होता, एवढं तिथे गेलेला कोणीही सांगेल.

आणि हो, सुमो पुण्यात बनायची. तेवढं श्रेय नागपूरकरांनी द्यावं.

तर्री_जास्त
दिलं बाप्पा. पुण्यात बनवली, आमी वापरली. तुमच्याकडं दोन माणसं स्कूटरवर जातेत, दहा माणसाची गाडी तुमाले कायले पायजे?

कोथरूडचा_काका
दहा माणसं एकमेकांशी बोलत असावी लागतात, म्हणून.

आकडेमोड
काका, मुळगावकर दुपारी ढाब्यावर ट्रक ड्रायव्हरांसोबत जेवायला जायचे आणि गाडीतल्या खोड्या विचारून घ्यायचे, ते खरं का? दर तीन महिन्यांनी माझ्या मेव्हण्याकडून येतं.

कोथरूडचा_काका
मला तरी समक्ष पाहिलेला कोणी भेटला नाही. नावाची गोष्ट पक्की. ढाब्याची गोष्ट तुमच्या मेव्हण्याची.

तर्री_जास्त
आता माह्यी ऐका. २००१ ची महाशिवरात्र. आमच्या मोहल्ल्यातून चौरागडले, पचमढीच्या महादेवाले निघालो. सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया करत पचमढी. सुमो एक, माणसं चौदा. दहा कागदावर, चार श्रद्धेवर. टपावर पाच फुटाचा लोखंडी त्रिशूळ, नवसाचा, सुतळीनं बांधलेला. बांधणारा मीच.

तामियाच्या पुढं वळणावर कच्चकन ब्रेक लागला अन् त्रिशूळ सरकून पुढच्या काचेवरून बॉनेटवर आला. तीन टोकं बरोबर समोर, रस्त्याच्या दिशेनं. काच शाबूत, फक्त वायपर गेला. समोरून येणारा ट्रकवाला गाडी बाजूले घेऊन हात जोडून उभा राह्यला. त्याले वाटलं देवाचीच गाडी येऊन राहिली. आमच्या बुढ्यानं खाली उतरून त्याले परसाद देला अन् आमाले शिव्या देल्या.

वापस येताना वायपर नाही अन् नेमका अवकाळी आला. खिडकीतून हात काढून पंचानं काच पुसत पुसत आलो. ज्याचा हात तो मीच, कारण सुतळी माह्यी.

कमानपट्टा
सुतळी! कॅरिअरला चार आकडे असतात ना बे, ते काय शोभेला होते?

तर्री_जास्त
त्याले चिवड्याचे डबे होते.

धरमपेठकरीण
बरोबर आहे. प्राधान्यक्रम.

तेजपूर_ते_तवांग
मूळचा नागपूरच्या महाल भागातला, बँकेच्या बदल्यांमुळे सहा वर्षं ईशान्येला होतो. एक सांगायचं आहे. तुम्ही सगळे सुमोचं वर्षश्राद्ध घालताय, पण तिकडे 'सुमो' हे गाडीचं नाव राहिलेलंच नाही. वाहतुकीच्या प्रकाराचं नाव आहे. आपण 'ऑटो' म्हणतो तसं. मिझोरममध्ये ऐजॉलला 'सुमो काउंटर' असतात, तिथे तिकीट काढायचं. कधी कधी दारात दुसऱ्याच कंपनीची गाडी उभी राहते आणि लोक म्हणतात, सुमो आली.

तेजपूरहून तवांगला पहाटे निघायचं. बोमडिला, दिरांग, मग से ला खिंड. १३,७०० फूट उंची, रस्त्यावर बर्फ, ढग खिडकीतून आत. ड्रायव्हर विशीतला पोरगा. मी मधल्या रांगेत, दोन्ही बाजूंना दोन आजीबाई, एकीच्या मांडीवर कोंबडी. मला श्वास लागत नव्हता, कोंबडी मात्र निवांत. त्या दिवशी मला कळलं की ही गाडी नागपूरच्या सपाट रस्त्यांसाठी नव्हतीच, आपण उगाच आपली समजत होतो.

सीताबर्डीकर
आपल्याकडे वेगळी परीक्षा होती. मे महिना, ४६ डिग्री, एसी नाही, समोरून इंजिनची धग पायावर. आमच्या मामांनी सुमोच्या खिडकीला खसची टाटी बांधली होती. खरी, कूलरची. दर तासाला थांबून बादलीने पाणी मारायचे. वर्ध्याला लग्नाला पोचलो तेव्हा खिडकीकडचा अख्खा वऱ्हाडी उजव्या बाजूने ओला आणि डाव्या बाजूने कोरडा होता. व्याही म्हणाले, इकडेच पाऊस झाला का?

गुलाबजामवाली
तेलुगू पिक्चरमध्ये हवेत उडणाऱ्या सगळ्या पांढऱ्या सुमो कुठून यायच्या? मला वाटतं सुमो तिथेच संपल्या. प्रत्येक क्लायमॅक्सला सहा.

मंडळ_संपादक
विषय: सुमो कोणी संपवली आणि धागाकर्त्याने गाडीचं काय करावं. कोंबडी, टाटी आणि पिक्चर झाले. कृपया परत या.

आकडेमोड
परत आलो. २०१९ चा हिशेब सोपा आहे. १ जुलै २०१९ पासून नव्या गाडीत ड्रायव्हरसाठी एअरबॅग, सीटबेल्टची आठवण देणारा आवाज, वेगाचा इशारा, मागचे सेन्सर सक्तीचे. ऑक्टोबर २०१९ पासून जुन्या मॉडेलांनाही क्रॅश टेस्टचे निकष. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे धुराचे कडक निकष. पंचवीस वर्षांच्या सांगाड्यावर हे सगळं बसवायचा खर्च कोण करेल? नियमांनी संपवली. निरोपसमारंभ नाही, जाहीर घोषणा नाही.

कमानपट्टा
तो मृत्यूचा दाखला झाला, आजार नाही. बोलेरोही जुन्या सांगाड्याचीच ना? २००० ची. तिच्यावर खर्च केला आणि ती उरली, कारण गिऱ्हाईक उरलं होतं. सुमोचं गिऱ्हाईक आधीच गेलं होतं.

कंपनीने प्रयत्न केले नाहीत असं नाही. ४०७ चं २९५६ सीसी इंजिन घालून स्पॅसिओ काढली, दणकट आणि स्वस्त. २००४ ला व्हिक्टा, जरा नटवलेली. २००८ ला ग्रँडे, २.२ लिटर, १२० पीएस, जुन्या सुमोशी नात्याने फक्त नावापुरती. तिचंही पुढे नाव बदलून मोव्हस केलं. २०११ ला परत जुन्याच पेटीत नवं इंजिन टाकून सुमो गोल्ड. म्हणजे एकीकडे सुमोला शहरी करायचं, दुसरीकडे गावाकडची ठेवायची. दोन्ही डगरींवर पाय.

आमच्या गॅरेजच्या रांगेवरून सांगतो. १९९८ मध्ये येणाऱ्या सुमोत डॉक्टर असायचे, वकील असायचे, संत्र्याचे बागाईतदार असायचे. २००५ नंतर काळीपिवळी, पोलीस, अॅम्ब्युलन्स, सरकारी ठेका. डॉक्टर स्कॉर्पिओत गेले, २००२ नंतर. सफारी तर १९९८ पासून शेजारच्याच शोरूममध्ये उभी होती. एकदा का एखाद्या गाडीवर 'भाड्याची' असा शिक्का बसला की घरचा माणूस ती दारात उभी करत नाही. शेजारी विचारतो, कोणाकडे पाहुणे आले?

धरमपेठकरीण
हे पटलं, पण अर्धंच. डॉक्टर स्कॉर्पिओत गेले ते चौघंच गेले हो! दहा माणसं उरली कुठे होती? आमच्या घरात २००३ ला तीन स्वयंपाकघरं झाली आणि त्याच वर्षी सुमो विकली. तीन घरांनी तीन छोट्या गाड्या घेतल्या. आता लग्नाला तीन गाड्या निघतात, तिन्हीत एसी, आणि बुटीबोरीच्या टोलनाक्यावर एकमेकांना फोन करतात, "कुठे पोचलात?"

मला सुमोची आठवण येत नाही, हे स्पष्ट सांगते. माझ्या गुडघ्यांना येते, ती वेगळी.

सीताबर्डीकर
म्हणजे क्वालिस निर्दोष?

आकडेमोड
संशयाचा फायदा देऊन मुक्तता.

तेजपूर_ते_तवांग
सिएरा २०२५ च्या नोव्हेंबरात परत आली, सफारी २०२१ ला आली. सुमो येईल का?

कमानपट्टा
नाव येईल. आडव्या सीटा येणार नाहीत.

धरमपेठकरीण
देव पावला.

आकडेमोड
धागाकर्त्यासाठी कामाचं. १५ वर्षांवरच्या कारची पुनर्नोंदणी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली. २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना ती १०,००० केली. वर पर्यावरण कर, उशिराचा दंड आणि फिटनेस. बाबा नसतील तर आधी आरसी वारसांच्या नावावर करावी लागेल. काका-चुलतभावाचा अर्धा वाटा कागदावर कुठेही नाही, तो तुमचा तुम्ही पाहा. भंगारात काढायची तर फाटकावरच्या माणसाला देऊ नका, नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या. तिथे सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट, म्हणजे गाडी जमा केल्याचा दाखला मिळतो, नव्या गाडीच्या करात सवलत मिळते आणि मुख्य म्हणजे नोंदणी रद्द होते. नाहीतर उद्या तुमच्या नंबरची पाटी भलत्याच गाडीवर फिरेल.

तर्री_जास्त
मानेवाडावाले भाऊ कुठं गेले? काडी लावून दिली अन् पसार.

मानेवाडा_एक्सप्रेस
इथेच आहे, वाचत होतो. बाबा २०१९ ला गेले. हो, त्याच वर्षी. मुद्दाम लिहिलं नव्हतं.

रविवारी काका आणि चुलतभाऊ आले होते. गाडी बघायला म्हणून आले, म्हणजे भाव ठरवायला. मागचं दार उघडेना, कब्जे गंजलेले. आम्ही दोघांनी ओढलं तर रबराची बीडिंग हातात आली. आत आडव्या सीटांच्या फोमची उंदरांनी भुगटी केली आहे. दोन्ही सीटांच्या मध्ये एक फळी सापडली. धरमपेठकरीण, तुम्ही त्या खोबणीत गाद्या कोंबायचात ना? आमच्याकडे बाबांनी सागाची फळी मापाने कापून घेतली होती, दोन्ही सीटांवर बरोबर टेकेल अशी. वर गादी टाकली की पलंग. मी साफ विसरलो होतो. चुलतभावाने फळी उलटी केली तर खाली खिळ्याने चार नावं कोरलेली. माझं, त्याचं आणि दोघी बहिणींची. त्याचं सगळ्यात मोठं, कारण खिळा त्याचा.

काका ७८ वर्षांचे. ड्रायव्हरच्या सीटवर बसले नाहीत, शेजारी बसले. नेहमी तिथेच बसायचे. म्हणाले, "बॅटरी लावून पाहा." शेजाऱ्याची लावली. हीटरचा दिवा लागला! विझलाही. स्टार्टर फिरला, पण इंजिन धरलं नाही. काका म्हणाले, "हॉर्न वाजवून पाहा." वाजला. मग दुपारभर घरातल्या पोट्ट्यांनी तो वाजवला आणि संध्याकाळी शेजारी बॅटरी परत मागायला आला.

किमतीचं बोलणं झालंच नाही. निघताना चुलतभाऊ म्हणाला, दुरुस्तीचं बिल अर्धं-अर्धं. मी हो म्हटलं. पुढच्या महिन्यात त्याचा विचार बदलला तर पुन्हा धागा काढीन.

कमानपट्टा, डिझेल पंप जाम असावा असं वाटतं. कोण करतं आता हे काम?

कमानपट्टा
आधी टाकीतलं जुनं डिझेल काढून टाका, फिल्टर बदला, लाइनमधली हवा काढा. पाच वर्षं उभी गाडी आहे, पंपाला लगेच दोष देऊ नका. तरी नाही धरली तर मला निरोप करा, वाडीला वडिलांच्या हाताखालचा एक जण अजून पंप-नोझल करतो. बीडिंग तिथेच जुन्या पार्टवाल्याकडे मिळेल, मीटरवर. मागच्या दाराचं माप दोरीने घ्या, अंदाजाने आणू नका.

तर्री_जास्त
दोरी म्हणजे सुतळी चालंन का?

धरमपेठकरीण
फळी टाकू नका.

मानेवाडा_एक्सप्रेस
नाही टाकत. सध्या आत घेतली आहे, पावसाचं.

तर्री_जास्त
अन् ठिपके? धुतले का?

मानेवाडा_एक्सप्रेस
धुतले. खाली पत्रा आहे.